मागून येणाऱ्याने ओरडायचं

मला मारायला आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर लपवत होतो असं वाटेल. गोल करण्यासाठी मी फुटबॉल कधीच खेळलो नाही. समोरून एखादा चेंडू घेऊन ऐटीत येतोय आणि दुसऱ्या क्षणी तो पालथा पडलाय, त्याच्या तोंडात माती गेलीय आणि चेंडू माझ्या पायाशी आहे, यातली मजा मला दुसऱ्या कशात मिळाली नाही. माझे वडील धारवाडच्या कोर्टात फौजदारी वकिली करतात. ते म्हणायचे, "पोरगा खेळात पडला ते बरं झालं. नाहीतर याचं वकीलपत्र मलाच घ्यावं लागलं असतं."

आम्ही राहायचो हुबळीत, केशवापूरला. घरापासून पाच मिनिटांवर रेल्वे क्वार्टर्सच्या मागे एक मैदान आहे. मैदान म्हणायचं एवढंच. गवताची काडी नाही, सगळा लाल मुरूम आणि त्यात सुपारीएवढे खडे. त्यावर पडलं की गुडघ्याची साल निघते आणि खडा आत राहतो. माझ्या डाव्या गुडघ्यात एक अजून आहे. डॉक्टर म्हणाले, त्रास देत नाही तर राहू दे, म्हणून राहू दिलाय.

त्या मैदानाचा एक कायदा होता. तो कोणी केला माहीत नाही. आमच्या आधीच्या पोरांनी आम्हाला सांगितला, आम्ही पुढच्यांना सांगितला. मागून अंगावर जाणाऱ्याने ओरडायचं. 'बंदे!' कानडीत 'आलो!' एवढंच. ती ओरड ऐकली की ज्याच्याकडे चेंडू आहे त्याने उडी मारायची. तुम्ही खालून घसरत जा, चेंडू मिळाला तर तुमचा. गवतावर मागून घसरत येणारा माणूस तुम्हाला पाडतो, मुरमावर तो पाय मोडतो, म्हणून हा कायदा. बाकी सगळं चालायचं. कोपर मारा, शर्ट फाडा, आईबहिणीचा उद्धार करा. न ओरडता मागून जायचं नाही.

चौदा वर्षांचा असताना मी एकदा गेलो. त्या पोराने मला दोनदा चकवलं होतं आणि दुसऱ्यांदा वर हसला होता. तिसऱ्या वेळी मी तोंड मिटून मागून घुसलो. तो हनुवटीवर आपटला, रक्ताने त्याचा बनियन भिजला. खेळ थांबला आणि दोन्ही संघांनी मिळून मला तुडवलं. माझ्या संघातले जरा जास्तच जोरात मारत होते. मग त्यांच्यातल्या एकाने मला कॉलरला धरून उभं केलं, कानाखाली एक वाजवली आणि विचारलं, "इन्नोम्मे?" म्हणजे, परत करशील? मी म्हटलं, नाही. "मग चल, गिरमिट खाऊ," तो म्हणाला, आणि चुरमुऱ्यांचं ते तिखटजाळ गिरमिट मला फाटलेल्या ओठांनी खायला लावलं. सगळे हसत होते. मीही शेवटी हसलो.

तो अण्णा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून अण्णा. मी त्याचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. त्याचं घर जुन्या हुबळीत, एका बोळात. खाली चुरमुऱ्यांची भट्टी, वर दोन खोल्या. वडील लवकर गेले, भट्टी आई बघायची. तिला तो अव्वा म्हणायचा, म्हणून मीही. तिथून सायकल मारत तो रोज आमच्या मैदानावर यायचा, कारण त्यांच्या बाजूला पळायला जागा नव्हती. आणि त्याला पळायला जागा लागायचीच. तो विंगर होता, कडेने सुटला की हाती लागायचा नाही.

माझं सगळं फुटबॉल म्हणजे अण्णाच्या मागे पळणं. बारा वर्षं रोज संध्याकाळी मी त्याच्या पाठीमागून 'बंदे!' ओरडत गेलो आणि बारा वर्षं तो न बघता उडी मारत आला. मान वळवायचा नाही. माझ्या आवाजावरून मी किती हातांवर आहे ते त्याला कळायचं. कधी मी चेंडू घ्यायचो, बहुतेक वेळा तो माझ्या पाठीवरून पलीकडे उतरून निघून जायचा. लोक आम्हाला बघायला थांबायचे. मला त्याला एकदा तरी पुरता आडवा करायचा होता, हेही खरं आहे.

देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये अण्णा आधी गेला. तिथे तीन सीझन खेळल्यावर त्याने आपल्या एजंटकडे माझं नाव टाकलं, आणि दुसऱ्या एका शहरातल्या क्लबने मला एका सीझनपुरतं घेतलं. पहिल्या दिवशी त्याचा फोन आला. "तम्मा, इथं गवत आहे. पडलास तरी मजा येते." मी म्हटलं, मी पडायला नाही आलो, पाडायला आलोय. तो खूप हसला.

सुरुवातीचे सामने मी बाकावर बसून काढले. मग एका सामन्यात आमच्या स्टॉपरच्या गालाचं हाड मोडलं, हवेत दोन डोकी आपटली आणि नारळ फुटल्यासारखा आवाज आला, आणि कोचने मला आत ढकललं. पाच मिनिटांत समोरच्या धिप्पाड फॉरवर्डने कोपर मारून माझा पुढचा दात अर्धा उडवला. रेफरी पलीकडे बघत होता. दाताचा तुकडा मी थुंकला, आणि पुढच्या कॉर्नरला सगळे वर बघत असताना माझ्या बुटाचे स्टड त्याच्या पावलावर रोवून उभा राहिलो. तो किंचाळला. सामना संपेपर्यंत तो माझ्या आसपास फिरकला नाही. आत गेल्यावर कोचने माझी हनुवटी धरून दात पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलला. म्हणाला, "मला असलाच माणूस हवा होता."

त्यानंतर मी प्रत्येक सामना खेळलो. आठवड्यातला एक दिवस तो आम्हाला फक्त पाडायला शिकवायचा. रेफरीची पाठ कधी फिरते, लाइनवाल्याच्या डोळ्यांसमोर कोणाला उभं करायचं, पोटरीवर कुठे लाथ बसली की पाय बधिर होतो पण फाउल दिसत नाही. सराव आपल्याच लोकांवर चालायचा. एकदा आमच्याच मिडफिल्डरच्या बरगडीत मी गुडघा घातला, तो दोन आठवडे हसू शकला नाही. मी माफी मागायला गेलो, तर तो म्हणाला, कोचने तुझं कौतुक केलं म्हणे, आता माफी कसली मागतोस. खरंच होतं. मी मन लावून शिकत होतो. शाळेत कुठल्या विषयात एवढं लक्ष दिलं असतं तर वडिलांनी पेढे वाटले असते.

परगावच्या मैदानांवर माझ्या नावाने बोंबा सुरू झाल्या. थ्रो घ्यायला लाइनजवळ गेलो की पाण्याच्या बाटल्या अंगावर यायच्या. एकदा एक चप्पल आली, ती मी उचलून परत भिरकावली आणि त्यासाठी कार्ड खाल्लं. एका शहरात आमच्या बसची काच फुटली, माझ्या शेजारी बसलेल्या गोलकीपरच्या भुवईला सात टाके पडले. त्यांना मी हवा होतो. आमच्या स्वतःच्या प्रेक्षकांनी मला 'कसाई' नाव दिलं आणि त्या नावाचा भला मोठा फलक करून आणला. मी त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढला आणि घरी पाठवला. वडिलांनी उत्तर पाठवलं, "फोटो जपून ठेव. सरकारी पक्षाला उपयोगी पडेल." मला तेव्हा तो विनोद वाटला.

मग आमच्या मैदानावर अण्णाचा क्लब आला.

सामन्याआधी आम्ही मिठी मारली, अर्ध्या दाताची त्याने मनसोक्त टर उडवली. सामना बरोबरीत चालला होता. शेवटच्या काही मिनिटांत अण्णा आमच्या बाकासमोरून कडेने सुटला. मी मागून अंतर तोडत आलो, घसरायला पाय सोडला आणि तोंडातून आपोआप निघालं, "बंदे!" तो न बघता उडाला. मी त्याच्याखालून गवतावर सरकत जाहिरातीच्या फळीवर जाऊन आदळलो. तो माझ्या पाठीमागे उतरला, चेंडू आत दिला आणि गोल झाला. आम्ही हरलो. मला खोटं बोलायचं नाही, फळीला टेकून पडलो असताना मला क्षणभर बरंच वाटलं होतं. आपण आपल्या मुरमावर आहोत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या संघासमोर कोचने ती क्लिप लावली. सामन्यात तो दहा पावलांवर उभा होता, त्याने माझी ओरड स्वतःच्या कानांनी ऐकली होती. त्याने विचारलं, काय ओरडलास? मी सांगितलं. का? मी मैदानाचा कायदा सांगितला. इंग्रजीत सांगताना तो मलाच पोरखेळ वाटायला लागला. कोणीतरी फिसकन हसलं. कोच हसला नाही. म्हणाला, "म्हणजे तू दुसऱ्या संघाच्या माणसाला बातमी देतोस की मी येतोय." त्याने तीच क्लिप चार वेळा लावली. चौथ्या वेळी सगळ्या खोलीने एका सुरात, ओरडायच्या बरोबर क्षणी, "बंदे!" म्हटलं. मी उठून सगळ्यात जोरात ओरडणाऱ्याच्या तोंडावर बुक्की मारली. तिघांनी मला भिंतीशी दाबून धरलं. कोच शांतपणे म्हणाला, "हे त्याच्यावर केलं असतंस तर आपण जिंकलो असतो."

मला पुन्हा बाकावर बसवलं. करार एका सीझनचा होता. ज्याला वाढवून द्यायचा त्याला शेवटच्या महिन्याआधी सांगतात आणि मला कोणी काही सांगत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं मी. हुबळीला परत जाऊन काय करायचं? सुभाष रोडवर खेळाचं दुकान टाकायचं आणि पोरांना सांगायचं की मीही एकदा वरच्या लीगमध्ये होतो? या विचाराने माझं रक्त तापायचं. आणि तो राग कोचवर जायला हवा होता, तो हळूहळू अण्णाकडे वळला. त्याने उडी मारली नसती तर. त्याने मला इथे आणलंच नसतं तर. बाकावर बसलेल्या माणसाला कोणावरही राग काढता येतो, रिकामा वेळ भरपूर असतो.

परतीचा सामना अण्णाच्या मैदानावर होता. आदल्या दिवशी कोचने मला खोलीत बोलावलं. तू उद्या खेळणार, म्हणाला. पुढे म्हणाला, तो कडेने सुटला की तू जा, आणि तोंड बंद ठेव. पाय मोड असं तो म्हणाला नाही. मी कधीही कोणाला सांगितलेलं नाही की त्याने तसं सांगितलं, कारण त्याने ते सांगितलं नव्हतं. तोंड बंद ठेवलं की काय होतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

दोन्ही संघ आत जायला बोगद्यात रांगेत उभे होते. अण्णा माझ्या शेजारच्या रांगेत. त्याने मला कोपराने ढोसलं. "तम्मा, दंतोबा, आज पण ओरडशील ना रे? का गवत बघून रेल्वे ग्राउंड विसरलास?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

पहिल्या अर्ध्या भागात तो दोनदा कडेने गेला आणि दोन्ही वेळा मी लांब होतो. दुसऱ्या भागात आम्ही एका गोलने पुढे होतो. तो मधून चेंडू घेऊन वळला आणि आमच्या उजव्या कडेने सुटला. मी तिरका धावत त्याच्या मागे लागलो. चार हात, तीन हात. त्याची पाठ मला बारा वर्षं पाठ होती. त्याच्या खांद्यांत ती उडीची तयारी दिसली, खांदे उचलतात आणि थांबतात, कानात प्राण आणून. तो वाट बघत होता. मी दात आवळले. इतके जोरात आवळले की तुटलेल्या दाताची धार जिभेत रुतली. आणि मी गेलो.

आवाज मला आधी ऐकू आला आणि नंतर तळव्यातून वर आला. वाळलेलं चिपाड गुडघ्यावर घेऊन मोडतात तसा. अण्णा पडला तेव्हा ओरडला नाही. तो उठून बसला, नडगीकडे बघितलं. पाय मध्येच भलतीकडे वळला होता, मोज्यातून काहीतरी टोकदार वर आलं होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, तो गोंधळला होता, घड्याळ बंद पडल्यावर माणूस कानाशी धरून बघतो तसा. आणि मग तो किंचाळला. मी ते किंचाळणं पुरतं ऐकलं नाही, कारण तोवर त्यांचे चार जण माझ्यावर पडले होते. एकाने मानेवर लाथ मारली, एकाने बोट डोळ्यात घातलं. मी हात वर केले नाहीत. कोणीतरी वरून पडत होतं, कोणीतरी खेचत होतं, आमचे धावत आले, त्यांचे बाकावरून उठून आले. पाच मिनिटं नुसती मारामारी चालली आणि त्या गराड्याबाहेर दोन माणसं अण्णाला स्ट्रेचरवर घेत होती. मला पिवळं कार्ड मिळालं. फक्त पिवळं. चेंडूला माझा पाय आधी लागला होता.

आम्ही जिंकलो. ड्रेसिंग रूममध्ये मी बेसिनवर ओकत होतो आणि कोच माझी पाठ थोपटत होता. त्याच आठवड्यात करार दोन वर्षांनी वाढवल्याचं पत्र आलं. मी सही केली.

अण्णाच्या नडगीची दोन्ही हाडं गेली होती. आत सळई घातली, जखम चिघळली म्हणून परत उघडली, पुन्हा शिवली. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पळायचं विसरा. त्याच्या क्लबने त्याला विमानाने हुबळीला आणून सोडलं. मी फोन करत होतो, तो उचलत नव्हता. मग एक दिवस उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "होगली बिडु, तम्मा. खेळात होतं." होगली बिडु म्हणजे जाऊ दे.

सीझन संपला आणि मी घरी आलो, तोवर ती क्लिप हुबळीत प्रत्येक फोनवर पोचली होती. चहाच्या गाडीवर एकाने मला थांबवून माझ्यासमोरच ती लावली आणि म्हणाला, "काय मोडलात हो! अगदी काडीसारखा!" कौतुकाने म्हणाला. मी त्याचा फोन हिसकावून गटारात फेकला आणि तो काही म्हणायच्या आत त्याच्या थोबाडीत दिली. लोकांनी सोडवलं. त्यांना वाटलं मित्राच्या दुःखाने माझं डोकं फिरलंय. आणखी एक चहा पाजला मला.

पण आमच्या मैदानावरच्या पोरांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना कार्ड, चेंडू, रेफरी यांच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "ओरडला होतात?" क्लिपवरून कळत नव्हतं. कॅमेरा माझ्या पाठीमागे होता आणि प्रेक्षकांचा गोंगाट एवढा की कशाचाच आवाज वेगळा काढता येत नव्हता. मी काही बोलण्याआधी दुसऱ्यानेच उत्तर दिलं. "ओरडले होते. अण्णाने सांगितलंय. गर्दीत त्याला ऐकू नाही आलं." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्याचा अर्थ हो असाच होतो, हे वकिलाच्या घरात वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको.

वडिलांनी घरी विचारलंच. जेवताना, ताटावरून मान न उचलता. "हेतू होता?" आई म्हणाली, काहीतरीच काय विचारता. ते म्हणाले, "मी त्याला विचारतोय." मी पाणी प्यायलो आणि म्हटलं, गर्दीत ऐकू गेलं नाही. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर खोटे साक्षीदार बघितलेला माणूस. मग त्यांनी ताक मागितलं.

अव्वाने निरोप पाठवला, रविवारी जेवायला ये. लहानपणी भट्टीवरचे मूठभर चुरमुरे सोडले तर तिने मला कधी बसवून जेवू घातलं नव्हतं, तिला सवडच नसायची. आता तिने पाट मांडला. ज्वारीच्या भाकऱ्या, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही. अण्णा खुर्चीवर बसला होता, पाय समोर स्टुलावर. अव्वा वाढता वाढता कानडीत बोलत राहिली. "तूही किती वाळलास रे. तुझ्यासाठी जास्त रडले मी. याचा पाय गेला, पण ज्याच्या हातून गेला त्याला झोप कशी लागत असेल? तू तरी ओरडला होतास ना?" अण्णा पटकन म्हणाला, "ओरडला होता, अव्वा. किती वेळा सांगू?" तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मग तुझं काय चुकलं? उण्णू." म्हणजे, जेव. मी जेवलो. चार भाकऱ्या खाल्ल्या.

दर रविवारी बोलावणं यायला लागलं. दर रविवारी मी जायचो, अण्णा हसायचा, जुन्या गोष्टी निघायच्या. चोराच्या मनात चांदणं. मला प्रत्येक हसण्यात काहीतरी दिसायचं आणि खरं तर तिथे काही नसायचं. तो मनापासून हसत होता. मला ते सहन होईना. त्याने मला वाचवायला खोटं सांगितलं, एवढा मोठा माणूस, आणि मी चांगली वांगी खाऊन ढेकर देतोय. मला वाटलं, त्याला कळू दे की मला कळतंय. आपण दोघं तरी एकमेकांशी खरं बोलू. तो मला मारेल, मी मार खाईन, मग पुन्हा गिरमिट खाऊ. मी इतका मूर्ख होतो.

चौथ्या की पाचव्या रविवारी अव्वा वर भाकऱ्या थापत होती. अण्णा खाली भट्टीपाशी बसून कढईतली वाळू झाऱ्याने हलवत होता. तापलेल्या वाळूत तांदूळ तडतड फुलत होते. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, "अण्णा, मी ओरडलो नव्हतो."

तो हलवत राहिला. म्हणाला, "गर्दी होती."

"गर्दीचा प्रश्न नाही. मी तोंडच उघडलं नाही. कोचने सांगितलं होतं तोंड बंद ठेव म्हणून. आणि तुला माहीत आहे, मला माहीत आहे. तू मला वाचवलंस, त्यासाठी—"

तोवर झारा माझ्या नडगीवर बसला. लोखंडी, तापलेल्या वाळूतून काढलेला. कातडी चर्र झाली. मी मागे पडलो, तर त्याने दुसरा मारला, त्याच जागी. खुर्चीवरून त्याला उठता येत नव्हतं म्हणून तो पुढे वाकून मारत होता, तिसरा माझ्या हातावर बसला. मी हात आडवा धरला नाही, तो फक्त मध्ये आला. त्याचा श्वास फुलला होता. मग त्याने झारा टाकला आणि तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

"मी तुला वाचवत नव्हतो रे," तो म्हणाला. हळू आवाजात, वर ऐकू जाऊ नये म्हणून. "मला खरंच वाटत होतं की तू ओरडलास. रोज मी ते आठवून बघायचो आणि रोज मला वाटायचं, ओरडला असणार, माझाच कान चुकला. पाय गेला तर गेला. कानाची चूक. तू मात्र होतास. बारा वर्षं पाठीमागे तू होतास. आता काय राहिलं माझ्याकडे? सांग. मी तुला विचारलं होतं का? मी विचारलं होतं का तुला?"

त्याने विचारलं नव्हतं. मला माझं ओझं खाली ठेवायचं होतं, म्हणून मी ते त्याच्या अंगावर टाकलं. पहिल्यांदा पाय मोडला तेव्हा निदान कोच होता, करार होता. या वेळी मला कोणीही सांगितलं नव्हतं.

जिन्यावर अव्वाची पावलं वाजली. तिने माझी पोळलेली नडगी बघितली आणि "यप्पा!" म्हणून धावत आली. काय झालं? अण्णा म्हणाला, "पाय घसरला त्याचा. भट्टीत गेला असता." तिने पदराने वाळू झटकली, कोरफड चिरून लावली, मला लहान मुलासारखं रागावली. ती पाणी आणायला वर गेली तेव्हा मी उठलो. म्हटलं, मी येणार नाही आता परत.

"येणार," अण्णा म्हणाला. माझ्याकडे न बघता. "दर रविवारी येणार. तू आला नाहीस तर ती विचारेल का, आणि मला सांगावं लागेल. तिला मी हे सांगणार नाही. तू इथे यायचं, बसायचं, जेवायचं, भाकरी परत मागून घ्यायची. ती आहे तोवर."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. सीझन चालू असतो तेव्हा मी नसतो, पण हुबळीत असलो की रविवारी दुपारी जातो. अव्वा आमच्या दोघांच्या मध्ये बसून वाढते. तिला वाटतं आम्ही मोठे झालो, पुरुष माणसं जेवताना बोलत नाहीत. गेल्या रविवारी शेजारीण मीठ मागायला आली होती, तिला अव्वा आमच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे दोघं सख्ख्या भावांसारखे. एवढं होऊनसुद्धा तुटले नाहीत बघ." शेजारणीने कौतुकाने आमच्याकडे बघितलं. अण्णाने मान डोलावली, आणि मग मीही डोलावली.